वकीलसाहेबांचा घास

मी बोंडलं. चांदीचं आहे, पण आता मला पाहून ते कुणाला पटायचं नाही, इतका काळा पडलो आहे. ज्यांच्या घरात तान्हं मूल वाढलं त्यांना मी काय ते ठाऊक असतं. बाकीच्यांसाठी सांगतो. तळहातावर मावेल एवढी वाटी आणि तिच्या एका अंगाला निमुळती होत गेलेली चोच, असं माझं रूप. वाटीत दूध घालायचं, चोच मुलाच्या ओठांत द्यायची आणि वाटी वाकवायची. वाकवलं की मी ओततो. थांबणं मला येत नाही.

माझा जन्म अकोल्याच्या सराफ्यात झाला. जुनी जोडवी, पैंजण आणि एक तुटका करगोटा आटवून सूर्यभान सोनारानं मला घडवलं. चोच घासून झाली की तो ती स्वतःच्या ओठावरून फिरवायचा. जरा टोचलं की पुन्हा कानस घ्यायचा. "लेकराचं तोंड आहे बाप्पा, हे काही गड्याचं कडं नाही," असं आपल्याशीच बोलायचा. त्याच्या ओठाची ती ऊब मला अजून आठवते. मी कुणाला दुखवू नये म्हणून एक माणूस इतका जपला होता.

मला घडवून घेतलं ते मनकर्णाबाईंच्या आईनं. मनकर्णाबाई पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून माहेरी आल्या होत्या आणि मूल दिवस भरायच्या आधीच झालं होतं. एवढंसं, मुठीएवढ्या डोक्याचं. त्याला छातीशी लावलं तर ओढायची ताकद नव्हती. तेव्हा आजीनं जमिनीवर पाय लांब केले, नातवाला पायांवर उताणं घेतलं, त्याचं डोकं जरा मागं कलतं ठेवलं, दोन बोटांनी गाल दाबून तोंड उघडलं आणि मला वाकवलं. मूल रडायला लागलं.

"आई, ठसका लागंन त्याले!" मनकर्णाबाई घाबरल्या.

"गप बस. रडते तवाच गिळते लेकरू. तुले अशीच पाजली म्या."

मूल रडलं, गिळलं, पुन्हा रडलं. त्याची जीभ माझ्या चोचीखाली पहिल्यांदा वळवळली तेव्हा मला कळलं की मी कशासाठी आहे. तो वसंता. तो जगला. पुढे अमरावतीच्या हायस्कुलात मास्तर झाला. घरात कुणी पाहुणं आलं आणि मी दिसलो की मनकर्णाबाई म्हणायच्या, "याच्यानंच माहा वसंता वाचला." हे इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

अमरावतीला, राजापेठेतल्या मनकर्णाबाईंच्या सासरघरी देवघराशेजारच्या फडताळात माझी जागा होती. गुटी, एरंडेल, बाळकडू, सगळं माझ्यातून गेलं. आळीतल्या बायका मला मागून न्यायच्या आणि परत आणताना मला रिकामं आणायच्या नाहीत, वाटीत चिमूटभर साखर घालून आणायच्या. मग मुलं मोठी झाली, मागणारं कुणी उरलं नाही आणि मी बरीच वर्षं फडताळातच राहिलो.

तिथून मला स्वयंपाकघरातलं जेवण दिसायचं. घरचे कर्ते गोपाळकृष्णपंत वकील होते. कोर्टात त्यांचा दबदबा होता म्हणतात. मला त्यांचं ठाऊक होतं ते जेवण. ते घाईत जेवायचे, आणि त्याचं कारण त्यांची बायको होती. लग्न होऊन आल्यापासून मनकर्णाबाई नवऱ्याच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या. त्यांनी हात धुतल्याशिवाय ह्यांच्या तोंडात पाण्याचा घोटही जायचा नाही. पंत कामासाठी अकोल्याला गेले तर तिथल्या यजमानांना सांगायचे, "मला लवकर वाढा बुवा. घरी एक माणूस माझ्या जेवणावर जेवतं." बायकोजवळ मात्र त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. ते सांगितलं वसंतानं, आपल्या बायकोला, विमलला, हसत हसत. विमल तेव्हा नवी सून होती.

दिवाळी होऊन कपाशीच्या गाड्या सरकी काढायच्या जिनांकडं जायला लागल्या होत्या. पंत कोर्टातून आले, पाय धुतले, पाटावर बसले. पहिला घास तोंडाशी नेला आणि तो हातातून सुटून मांडीवर पडला. दुसरा त्यांनी तोंडात घातला तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली आला. विमल वाढत होती. "मामंजी, काय झालं?" असं ती म्हणाली, आणि पंतांनी उत्तर दिलं ते कुणालाच समजलं नाही. त्यांचं तोंड एका अंगाला ओढलं गेलं होतं.

लकवा होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली.

दुसऱ्या दिवशी ते डोळे उघडून पाहायला लागले तेव्हा मनकर्णाबाई थेट फडताळाकडं आल्या. मला पदरानं पुसलं. "वसंता यानं जगला, हेही यानंच जगतील," त्या म्हणाल्या. मला काय वाटलं ते सांगतो. मला अभिमान वाटला. इतक्या वर्षांनी माझी आठवण झाली होती.

नवऱ्याचं डोकं मांडीवर कलतं घेऊन, तान्ह्या मुलाला पाजतात तसंच त्यांनी पाजलं. चोचीखाली जीभ होती, पण तिचा एक काठ हलत होता आणि दुसरा ओल्या कापडासारखा पडून होता. मी पाणी ओतलं. पंतांना असा ठसका आला की चेहरा काळानिळा झाला. वसंता रामराव डॉक्टरांकडं धावला.

रामराव डॉक्टर पंतांचे शाळेपासूनचे सोबती. तोंडाचे फटकळ. खोलीत आल्या आल्या त्यांनी लोड मागवले आणि पंतांना पाठीशी टेकवून सरळ बसवलं.

"कोर्टात दोन दोन घंटे बोलत होता. आता एक 'आ' म्हणून दाखव."

पंतांनी वाकड्या तोंडानं 'आ' केलं.

"जीभ काढ. काढ, मले वेडावून दाखवायचं आहे असं समज."

जीभ बाहेर आली ती एका बाजूला वळली. डॉक्टरांनी खोकायला सांगितलं. खोकला आला, पण अगदी दुबळा. मग त्यांनी चमचाभर पाणी पंतांच्या ओठांत सोडलं आणि आपली दोन बोटं त्यांच्या गळ्यावर, कंठमण्यावर हलकी ठेवली. कंठमणी बऱ्याच उशिरानं वर गेला.

"पुन्हा 'आ' म्हण."

या खेपेचा 'आ' ओला होता. हुक्क्यातलं पाणी गुडगुडावं तसा.

"ऐकलं का वहिनी? पाणी पोटात नाही गेलं. श्वासाच्या नळीच्या तोंडाशी बसलं आहे. जोर करून खोक रे गोपाळ. आणखी. हां."

मग त्यांनी भाताची दाट पेज मागवली. हनुवटी छातीकडं झुकवायला लावली, अर्धा चमचा पेज डाव्या, चांगल्या गालाकडून दिली आणि पुन्हा बोटं ठेवली. कंठमणी वर गेला. या खेपेचा 'आ' कोरडा आला.

"दाट चालते, पातळ चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "पाणीसुद्धा आरारूट शिजवून दाट करून द्यायचं. झोपवून काही द्यायचं नाही. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. तो गिळायचं विसरते, म्हणून दर खेपेले सांगा, 'गिळा.'"

"अगं बाई!" मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मी यांना गिळा म्हणू? रागानं म्हणतात तसं?"

"आतापर्यंत मनात किती येळा म्हटलं असंन, आता मोठ्यानं म्हणा."

पंतांच्या तोंडाचा चांगला कोपरा हसला. जाता जाता डॉक्टरांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "आणि हे बोंडलं ठेवून द्या. याच्यातून किती जाते ते देणाऱ्याच्या हातात राहत नाही."

मला परत फडताळात ठेवलं. माझ्या जागी एक साधा पितळी चमचा आला आणि मी त्या चमच्याचा हेवा करत राहिलो.

भरवायचं काम विमलकडं आलं. ती ते मनापासून करायची. मामंजींना बसवायची, हनुवटी झुकवायची, अर्धा चमचा, गळ्यावर दोन बोटं, "गिळा हं मामंजी," मग वाट. जेवण झालं की उजव्या गालात बोट घालून अडकलेलं काढायची, चूळ देता येत नाही म्हणून ओल्या फडक्यानं तोंड पुसायची आणि बराच वेळ त्यांना तसंच बसवून ठेवायची. केळं कुस्करून, मुगाचं दाट वरण, ज्वारीच्या मऊ कण्या. डॉक्टर येऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "छाती साफ आहे."

पण एकेका जेवणाला दुपार व्हायची. पंत दमायचे, मध्येच डोळे मिटायचे. आणि भिंतीशी टेकून मनकर्णाबाई बसलेल्या असायच्या, उपाशी.

"आत्याबाई, तुम्ही घ्या ना जेवून. मी आहे इथं," विमल सासूला म्हणायची.

"यांचं होऊ दे."

"त्यांना वेळ लागतो."

"लागू दे. मले काही घाई नाही."

त्यांना घाई नव्हती. घाई बाकीच्यांना होती. वसंता शाळेला जाताना दारातून विचारायचा, "झालं का बाबांचं? आई जेवली का?" आणि सगळ्यांत जास्त घाई पंतांना होती. त्यांना बोलता येत नव्हतं, पण दिसत होतं. बायको भिंतीशी बसलेली पाहिली की ते पहिला घास गिळायच्या आधीच दुसऱ्यासाठी तोंड उघडायचे. विमल म्हणायची, "आधी हा गिळा, मामंजी." ते डाव्या हातानं खूण करायचे, दे, दे.

महाशिवरात्र आली. मनकर्णाबाईंनी नवऱ्यासाठी उपास धरला, पाण्याचा थेंबही न घेता. दुसऱ्या दिवशी पारणं. ऊन तापायला लागलं होतं. त्या दिवशी पंत नेहमीपेक्षा दमलेले होते. कण्यांचे चारदोन चमचे गेले आणि पुढचा घास तोंडातच फिरत राहिला. विमल "गिळा" म्हणत होती. कंठमणी हलत नव्हता. भिंतीशी काही तरी घसरल्याचा आवाज आला. मनकर्णाबाई एका कुशीवर कलंडल्या होत्या.

"आत्याबाई! थोडं पाणी तरी घ्या!"

"नाही... त्यांचं होऊ दे आधी."

पंतांनी तोंडातला घास ओठांतून बाहेर ढकलून दिला आणि तोंड मोठं उघडलं. डावा हात विमलच्या मनगटावर ठेवून ते तिला ओढत होते. दे, लवकर दे.

विमल उठली ती फडताळाकडं आली. तिचा हात माझ्यावर पडला तेव्हा मला आनंद झाला. हे मला विसरता येत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला वाटलं, आता पाहा, चमच्यानं होत नाही ते मी करतो.

तिनं माझ्या वाटीत दूध ओतलं, पातळ. तिनं पाठीमागचा लोड काढून घेतला, मामंजींची मान मागं कलली, आणि तिनं मला वाकवलं. जीभ चोचीखाली निपचित होती. मला ते कळत होतं. दूध थांबत नव्हतं, सरळ मागं जात होतं. ठसका आला नाही. आला असता तर विमल थांबली असती. पंतांच्या डोळ्यांतून फक्त पाणी आलं. वाटी रिकामी झाली.

"झालं, आत्याबाई. जेवले मामंजी. उठा आता."

मनकर्णाबाई उठून बसल्या आणि पारण्याचा पहिला घास त्यांनी घेतला. विमलनं मला विसळून ताटात पालथं घातलं. मग सवयीनं म्हणाली, "मामंजी, 'आ' म्हणा."

तो 'आ' गुडगुडला. मी ऐकला, तिनंही ऐकला. तिनं त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली, खोका म्हणाली. त्यांचा खोकला वर येईना.

संध्याकाळी अंग गरम झालं. सकाळपर्यंत श्वास धापेचा झाला. रामराव डॉक्टरांनी नळी छातीला लावली, उजव्या अंगाला पुन्हा पुन्हा लावली. मग त्यांची नजर ताटाकडं गेली. मी तिथंच पालथा होतो.

"हे कोणी काढलं?"

विमल म्हणाली, "मी."

"तिनं नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. "माह्या भुकेनं काढलं. तिले कावून विचारता? मले विचारा."

डॉक्टरांच्या तोंडाशी काही तरी आलं होतं, ते त्यांनी परत घेतलं. दोघींकडं पाहिलं. "अळशीचं पोटीस करा," एवढंच बोलले. मग दारात थांबून म्हणाले, "वहिनी, हा वाचला तर एक औषध तुमाले घ्या लागंन. त्याच्या आधी जेवायचं. त्याच्या समोर बसून."

"ते मले या जन्मी नाही जमायचं, भावजी."

"मग त्याले उपाशी ठेवा. कारण तुमी उपाशी असल्या की तो गिळत नाही, नुसता तोंडात कोंबून घेते."

पोटीस, शेक, उशाला बसणं. वसंतानं शाळेतून रजा घेतली. विमल मामंजींच्या पायाशी बसायची, पण त्यांच्या तोंडाकडं पाहायची नाही. एकदा तिनं मला उचललं आणि मागच्या अंगणातल्या फरशीवर आपटलं. वाटीच्या काठाला पोचा पडला, तो अजून आहे. मग तिनंच मला उचलून पदराखाली धरलं आणि बराच वेळ धुण्याच्या दगडावर बसून राहिली.

ताप उतरला. डॉक्टरांनी पुन्हा पाणी देऊन पाहिलं, पुन्हा दोन बोटं ठेवली आणि दाट पेजेला हो म्हणाले.

त्या दिवशी विमलनं मामंजींना लोडाशी बसवलं. पेज आणली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं आणखी एक ताट वाढून आणलं आणि ते मनकर्णाबाईंच्या पुढ्यात, पंतांच्या अगदी समोर ठेवलं.

मनकर्णाबाई ताटाकडं पाहत बसल्या. शेवटी त्यांनी वरणभाताचा लहानसा घास केला आणि तोंडात घातला. चावला. तो पुढं जाईना. गाल फुगलेला, डोळे भरलेले. उठून बाहेर टाकून यावा म्हणून त्या हात टेकून उठायला लागल्या.

पंतांचा डावा हात वर आला. हळूहळू, हवेत डगमगत, त्या हातानं बायकोचा गळा शोधला आणि दोन बोटं तिच्या कंठावर ठेवली. डॉक्टर ठेवायचे तशी, विमल ठेवायची तशी. आणि ते वाट पाहत राहिले. घाई न करता.

मनकर्णाबाईंनी घास गिळला.

पंतांनी बोटं काढली. विमलकडं पाहिलं आणि आपली हनुवटी आपणच छातीकडं झुकवली. मग तोंड उघडलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी दाट आमरस खाल्ला, चमच्या-चमच्यानं, बायको आधी जेवून समोर बसलेली असताना. छाती मात्र पहिल्यासारखी साफ झाली नाही, बारीक ताप येत जात राहिला. पाऊस संपता संपता लकव्याचा दुसरा झटका आला आणि ते गेले. तेराव्यानंतर विमलनं डॉक्टरांना दारात गाठून विचारलं, "माझ्यामुळं का?"

रामराव डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. "पोरी, ते मले सांगता येत नाही," ते म्हणाले. पायरी उतरता उतरता पुन्हा म्हणाले, "खरंच येत नाही."

विमल ते उत्तर घेऊन राहिली. मीही.

पुढं दोन वर्षांनी विमलला मुलगी झाली. गुटीसाठी मला काढायची वेळ आली तेव्हा विमल म्हणाली, "ते नको, आत्याबाई." मनकर्णाबाईंनी मला चिंच लावून घासलं, पोच्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी आधी विमलपुढं ताट ठेवलं.

"तू जेवून घे. भुकेल्या माणसानं भरवाले बसू नाही."

विमल जेवली. मग मनकर्णाबाईंनी नातीला पायांवर उताणं घेतलं नाही. उभी धरून छातीशी टेकवली, चोचीतून गुटीचा एक थेंब ओठावर सोडला आणि मला परत सरळ केलं. त्यांची दोन बोटं नातीच्या गळ्यावर होती. थेंब खाली गेला. मग दुसरा.

ती मुलगीही आता शाळेत जाते. मी पुन्हा फडताळात आहे, काळा, पोचलेला. जिभेची हालचाल मला कळते, कंठ वर गेला की नाही तेही कळतं. त्या दुपारीही कळत होतं. पण मला वाकवलं की मी ओततो. म्हणून ज्यांच्या घरात कुणी लकव्यानं पडलं असेल त्यांना एवढंच मागणं आहे. आधी तुम्ही जेवा. मग त्यांना सरळ बसवा, घास लहान करा, दोन बोटं कंठावर ठेवा आणि वाट पाहा. आणि माझ्यासारखं काही हाताशी आलं, तर ते फडताळातच राहू द्या.